पाण्याची खबर

तिकडं सकाळचे सहा, इकडं साडेनऊ.
रंगाचा पहिला घाणा उतरलेला असतो
आणि खिशात फोन थरथरतो.

*नाना, वारा जमिनीवरून समुद्राकडं. बरा आहे.
लाट गुडघाभर, चौदा सेकंदांनी एक.
पाणी बारा अंश.
आठ मीटर दिसतंय.
उतरतोय.*

मी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, कोपरापर्यंत निळा,
बाहेर बेचाळीस.
वाचतो. चष्मा पुसून परत वाचतो.
आठ मीटर म्हणजे किती रे, यल्लप्पा?
तो पावलं टाकत जातो,
वाळत घातलेल्या लडींच्या पहिल्या बांबूपासून
बॉयलरच्या दारापर्यंत.
तिथनं पुढं, म्हणतो, धूसर धरा.

स्रवंती सांगते, खाली रान आहे.
त्याला मूळ नाही, नुसती पकड,
खडक मुठीत धरून उभं.
देठ पोकळ, डोक्याशी हवेचा फुगा,
त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांची तपकिरी पानं.
लाट आली की सगळं रान एका अंगाला जातं,
थांबतं,
मग माघारी.
आपण पाय मारायचे नाहीत म्हणे.
नेईल तिकडं जायचं,
परतीच्या ओढीला खडक धरायचा.

हे मला समजावू नकोस, पोरी.
ओल्या सुताच्या चारशे लडींखालून
वाकून वाकून माझी कंबर गेली.

फटीफटीत काळे काटेरी गोळे, साळिंद्राच्या पिलांएवढे.
एक माखूळ आपल्या अंगावर शिंपले चिकटवून
दगड झाल्याचं सोंग घेतं.
आणि हातभर लांबीची मुशी,
तिला तिकडं पायजमा म्हणतात, पट्ट्यांवरनं.
मी लगेच विचारलं, उभे पट्टे की आडवे?
डोक्यापासून शेपटीपर्यंत, नाना.
म्हणजे ताण्यातले.
विणणाऱ्यानं सोपं काम केलंय.

राजमणी विडीचं सूप मांडीवरनं खाली ठेवते.
तिचा प्रश्न रोज एकच:
थंडी वाजत नाही का तिला?
सात मिलिमीटर रबर असतं, मी सांगतो.
ती बोटांच्या चिमटीत सात मिलिमीटर धरून बघते,
मग पुन्हा पान कापायला घेते.

एकदा खबर आली, *आज नाही.
दक्षिणेची लाट, दोन पुरुष उंच.
काठावर बसून चहा पितोय.*
त्या दिवशी मला माझा रंग चांगला लागला.

आणि मग परवाची गोष्ट.
छपाईच्या रंगात आम्ही एक पावडर घोटतो,
पिवळट, जिभेला जराशी खारट.
अल्जिनेट लिहिलेलं असतं पोत्यावर.
व्यापारी म्हणायचा परदेशी माल आहे, सांडू नका.
सव्वीस वर्षं घोटतोय.
तिनं पोत्याचा फोटो मागवला,
बघून बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग:
*नाना, ती हीच पानं.
वाळवून, दळून.*

शेडमधले तिघंही पोत्याजवळ गेलो.
यल्लप्पानं हुंगलं. काही कळलं नाही, म्हणाला.
मी मूठभर पाण्यात सोडली,
बुळबुळीत झाली, बोटांना धरून राहिली.
हिचं काम रंगाला पसरू न देणं.
फूल फुलात, पान पानात.
पहिल्या धुण्यात ही निघून जाते,
रंग तेवढा राहतो.
हे मी कितीतरी पोरांना शिकवलंय
आणि एकदाही थांबलो नव्हतो या वाक्यापाशी.

रात्री मीही लिहिलं.

*स्रवंती, नळ आज पाचव्या दिवशी आला.
दाब कमी. पाऊण तास.
वारा नाही. पाणी कोमट.
हौदाच्या तळापर्यंत दिसतंय.
तळाशी तुझ्या आईची पितळी वाटी,
दिवाळीपासनं शोधत होती ती.
हात पुरत नाही.
उतरतोय.*